अडीच इंच पाणी म्हणजे तासाला किती लिटर? इंच, एलपीएम, क्युसेक, टीएमसीचा घरगुती हिशोब

परवाच्या वर्षी चैत्रात आम्ही चोपड्याकडच्या वावरात बोर मारला. रात्री दीड वाजता पाणी लागलं, गाडीवाल्याने कॉम्प्रेसरने फेसाळ पाणी उडवलं, खालच्या चरात एक कापलेला पत्रा ठोकला, पट्टी लावून बघितली आणि म्हणाला अडीच इंच. झालं. आबांनी तिथूनच फोन लावायला सुरुवात केली, पलीकडून एकच प्रश्न, "कितलं पानी लागनं?" आणि इकडून एकच उत्तर, "अडीच इंच शे!" समोरचा खूश, आबा खूश, मी पण खूश, आणि अडीच इंच म्हणजे तासाला किती लिटर हे त्या रात्री एकानेही विचारलं नाही, मी बीएस्सी झालेला असून मी पण नाही.

दुसऱ्या आठवड्यात मोटर घ्यायला गेलो. दुकानदाराने विचारलं पाणी किती, मी म्हटलं अडीच इंच, त्याने लगेच अडीच इंची डिलिव्हरीची साडेसात एचपीची सबमर्सिबल काढून दिली आणि तेवढाच पाईप. त्याच्या हिशोबाने अडीच इंची पाईप भरून पाणी. ड्रीपवाल्याने पण तेच धरून केळीचा अख्खा एकर एकाच व्हॉल्ववर काढला. मोटर चालू केली, पहिली वीस मिनिटं काय धार होती विचारू नका, आणि नंतर पाईप थुंकायला लागला. हवा, पाणी, हवा, पाणी. दोन महिन्यात मोटर वर काढावी लागली, कोरडी चालून चालून आतून गेलेली होती.

चूक कोणाचीच नव्हती म्हणायची तर, कारण गाडीवाल्याचा अडीच इंच वेगळा आणि दुकानदाराचा अडीच इंच वेगळा, शब्द फक्त एक. तेव्हापासून मी एक नियम केला, कोणी पाण्याचा कुठलाही आकडा सांगितला की आधी तो लिटर प्रति तास मध्ये करायचा, मग बोलायचं. तो कसा करायचा ते सगळं इथे लिहितोय, बोरपासून धरणापर्यंत.

आधी इंचाचं भांडण मिटवू

गाडीवाला जो पत्रा ठोकतो त्याला व्ही नॉच म्हणतात. पत्र्याला वर व्ही आकाराची खाच असते, काटकोनाची, म्हणजे ९० अंशाची. चरातलं पाणी त्या खाचेतून पडतं आणि खाचेच्या टोकापासून पाणी किती उंच उभं आहे ते इंचात मोजतात. म्हणजे हा इंच पाईपाचा नाहीच, पाण्याच्या उंचीचा आहे. आणि खाच वर रुंद होत जाते म्हणून पाणी थोडं वर चढलं तरी खूप वाढलेलं असतं. दोन इंच म्हणजे एक इंचाच्या दुप्पट नाही, साडेपाच पटीपेक्षा जास्त. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा कॅल्क्युलेटर दोनदा करून बघितला होता.

९० अंशाच्या खाचेचा हिशोब साधारण असा येतो: १ इंच म्हणजे तासाला ५०० लिटर, दीड इंच १,४००, २ इंच २,९००, अडीच इंच ५,०००, ३ इंच ८,०००, आणि ४ इंच १६,००० च्या थोडं वर. सूत्र पाहिजे असेल तर उंची सेंटीमीटरमध्ये घ्या, तिचा अडीचवा घात करा (म्हणजे उंची गुणिले उंची गुणिले उंचीचं वर्गमूळ) आणि ०.०१३८ ने गुणा, उत्तर लिटर प्रति सेकंद येतं. त्याला ३,६०० ने गुणलं की तासाचं.

पट्टी कुठे लावतात तेही बघत जा. खाचेच्या तोंडाशी पाणी खाली झुकलेलं असतं, तिथे मोजलं तर कमी भरतं, म्हणून पत्र्याच्या मागे दीड-दोन फुटावर जिथे पाणी शांत उभं आहे तिथली उंची धरायची. आणि पाणी पत्र्याच्या पलीकडे मोकळं पडलं पाहिजे, पलीकडे चर तुंबलेली असेल तर तो आकडा सोडून द्या. रात्री दीड वाजता, चिखलात, मोबाईलच्या टॉर्चवर, अर्धा इंच इकडेतिकडे झाला तर काय होतं बघा, दोन इंचाचा अडीच वाचला तर २,९०० चे ५,००० झाले.

आता दुकानदाराचा इंच. तो पाईपाचा व्यास. अडीच इंच व्यासाचा पाईप भरून चाललाय आणि आत पाणी सेकंदाला दीड मीटरने पळतंय असं धरलं तर तासाला १७,००० लिटर होतात. आणि माझ्या बोरला होते ५,०००. आता कळलं ना पाईप का थुंकत होता.

पाईपाच्या बाबतीत पण दुप्पट इंच म्हणजे दुप्पट पाणी नाही, त्याच वेगाला चौपट. २ इंचीपेक्षा ३ इंचीतून सव्वादोन पट जातं. पण नुसत्या पाईपाच्या मापावरून पाणी कधीच सांगता येत नाही हे पक्कं धरा, वेग किती त्यावर सगळं आहे. चार इंची पाईपातून करंगळीएवढं पाणी येणारे बोर रावेर-यावलकडे पाहिजे तेवढे दाखवतो.

बादली आणि मोबाईल, बाकी काही नको

सगळ्यात खरा आकडा बादलीचा. रंगाची २० लिटरची रिकामी बादली घ्या. तिच्यावर २० लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, काठोकाठ भरली तर जास्त बसतं. कापूस तोलायचा काटा घरात असतोच, रिकाम्या बादलीचं वजन करा, मग त्यात बरोबर २० किलो पाणी घाला, जिथे पाणी आलं तिथे मार्करने रेघ मारा. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, एवढी सोय दुसऱ्या कुठल्या मापात नाही.

मग मोटर चालू करा आणि चहा प्यायला जा. खरंच सांगतो, लगेच मोजू नका. बोरमध्ये साठलेलं पाणी आधी निघून जाऊ द्या, तासभर तरी चालू द्या, त्यानंतर जे येतं ते बोरचं खरं पाणी. पाईपाखाली बादली लावा, रेघेपर्यंत किती सेकंद लागले ते मोजा, तीन वेळा करा आणि सरासरी घ्या. स्टॉपवॉच दाबताना गडबड होते म्हणून मी सरळ व्हिडिओ काढतो आणि नंतर व्हिडिओतले सेकंद बघतो, ही ट्रिक भाच्याने शिकवली.

हिशोब: लिटर गुणिले ३,६०० भागिले सेकंद. २० लिटरच्या बादलीला ते सोपं करून ७२,००० भागिले सेकंद. माझ्या बोरला सुरुवातीला बादली ४ सेकंदात भरत होती, म्हणजे तासाला १८,०००. पंचवीस मिनिटांनी १४ सेकंद लागायला लागले, म्हणजे ५,१४३. आणि व्ही नॉचचा अडीच इंच म्हणजे ५,०००. गाडीवाला बिचारा खरंच बोलला होता, आम्हालाच त्याची भाषा कळली नाही.

बादली ५ सेकंदाच्या आत भरत असेल तर तो आकडा कच्चा समजा, ४ सेकंदात एका सेकंदाची चूक म्हणजे पावपट चूक. तेव्हा २०० लिटरचा ड्रम लावायचा आणि ७,२०,००० ला सेकंदाने भागायचं. ड्रम ४० सेकंदात भरला तर १८,००० लिटर तासाला.

आणि ड्रमही नसेल, विहिरीवरची मोठी मोटर असेल, तर एक अजून उपाय आहे. पाईपाचं तोंड आडवं, लेव्हलमध्ये पाहिजे आणि पाईप पूर्ण भरून वाहत असला पाहिजे. पाण्याची धार कमान करून खाली पडते. धारेचा वरचा काठ पाईपाच्या तोंडाशी जिथे आहे तिथून तो ३० सेंटीमीटर खाली आला की तोंडापासून आडवं अंतर किती ते मोजा, सेंटीमीटरमध्ये. आता पाईपाचा आतला व्यास इंचात, त्याचा वर्ग करा, त्या अंतराने गुणा, ५० ने भागा. लिटर प्रति सेकंद आले. ३ इंची पाईप, धार ४० सेंटीमीटरवर, ९ गुणिले ४० म्हणजे ३६०, भागिले ५०, ७.२ लिटर सेकंदाला, तासाला २५,९२०. यामागे काही जादू नाही, ३० सेंटीमीटर खाली पडायला पाण्याला जवळपास पाव सेकंद लागतो, तेवढ्या वेळात ते आडवं किती गेलं त्यावरून वेग निघतो. पाच-दहा टक्के इकडेतिकडे होईल, चालतं. फक्त आतला व्यास टेपने मोजा. आपण ज्याला दोन इंची म्हणतो तो पीव्हीसी पाईप बाहेरून ६३ एमएमचा असतो, अडीच इंची ७५ आणि तीन इंची ९० एमएम, नावावर जाऊ नका.

मोटरच्या पाटीवरचे आकडे

पाटीवर कुठे एलपीएम असतं, कुठे एलपीएस, कुठे घनमीटर तास. हे तिघे एकाच घरातले आहेत, यात गोंधळ फक्त मिनिट, सेकंद आणि तासाचा. एलपीएम म्हणजे मिनिटाला लिटर, ६० ने गुणा की तासाचे. एलपीएस म्हणजे सेकंदाला लिटर, ३,६०० ने गुणा. घनमीटर तास असेल तर १,००० ने गुणा कारण १ घनमीटर म्हणजे हजार लिटर. सेकंदाच्या लिटरवरून घनमीटर तासावर थेट जायचं असेल तर ३.६ ने गुणायचं.

म्हणजे ५,०४० लिटर तासाला = ८४ एलपीएम = १.४ एलपीएस = ५.०४ घनमीटर तास. पाणी तेच. पण ८४ ऐकल्यावर जास्त वाटतं आणि १.४ ऐकल्यावर रडू येतं.

कॅटलॉग बाहेरचा असेल तर गॅलन पर मिनिट लिहिलेलं असतं. इथे जरा थांबा. जुन्या माणसांचा गॅलन इंग्रजांचा, ४.५४६ लिटरचा. अमेरिकेचा गॅलन ३.७८५ लिटरचा. १० गॅलन मिनिटाला म्हणजे पहिल्या हिशोबाने तासाला २,७२८ लिटर आणि दुसऱ्या हिशोबाने २,२७१. पंपाच्या परदेशी कॅटलॉगमध्ये बहुतेक अमेरिकन असतो, आणि आजोबांच्या वहीत गॅलन सापडला तर तो इंग्रजी.

पाटीवर नेहमी दोन आकडे जोडीने वाचायचे, डिस्चार्ज (मोटर किती पाणी फेकते) आणि हेड (किती उंचीपर्यंत फेकते). हेड मीटरमध्ये असतो आणि आपण खोली फुटात सांगतो, फुटाला ३.२८ ने भागा. कमी हेडला जास्त पाणी आणि जास्त हेडला कमी पाणी, पाटीवर रेंज दिलेली असते, दुकानदार आपल्याला त्यातला मोठा आकडा सांगतो. हेड धरताना बोरमधल्या पाण्याची पातळी, वरचा चढ, पाईपाचं घर्षण आणि ड्रीपचं प्रेशर सगळं धरा, ड्रीपला १ किलो प्रेशर पाहिजे म्हणजे १० मीटर हेड अजून वाढला.

एचपी किती लागेल याचा ढोबळ हिशोब: एलपीएस गुणिले हेड मीटर, भागिले ७५, आणि जे येईल त्याच्या सव्वादोन पट, कारण मोटर-पंपात निम्म्यापेक्षा जास्त ताकद वाया जाते. माझं १.४ गुणिले ७० मीटर, ९८, भागिले ७५, १.३, सव्वादोन पट केली की २.९. म्हणजे ३ एचपी पुरत होती. मी साडेसात टाकली होती!

केळीचा एकर आणि व्हॉल्व

केळी ५ बाय ५ फुटावर लावली तर एकरात १,७४२ झाडं बसतात (४३,५६० चौरस फूट भागिले २५). झाडाला ४ लिटर तासाचे दोन ड्रीपर म्हणजे ८ लिटर तासाला, अख्ख्या एकराला १३,९३६ लिटर तासाला पाहिजे. माझ्याकडे पाच हजार. शेवटच्या ओळीतल्या झाडांना काय मिळत असेल सांगा, नळी नुसती घामेजल्यासारखी ओली.

उपाय सोपा निघाला, एकराचे तीन भाग केले, एका व्हॉल्ववर ५८१ झाडं, ४,६४८ लिटर तासाला, बोरमध्ये बसलं. एका झाडाला दिवसाला १६ लिटर द्यायचं ठरवलं तर प्रत्येक व्हॉल्व २ तास, तिन्ही मिळून ६ तास. लाईट ८ तास असली तर दोन तास हाताशी उरतात, फिल्टर धुवा, खत सोडा. तुमच्या पिकाला किती लिटर लागतं तो आकडा तुमचा तुम्ही टाका, रीत हीच: झाडं गुणिले ड्रीपरचे लिटर, आणि ते बोरच्या लिटरपेक्षा थोडं कमीच राहिलं पाहिजे.

पिण्याच्या पाण्यालाही हेच. ३,००० लोकवस्तीचं गाव, जलजीवनच्या हिशोबाने माणशी दिवसाला ५५ लिटर, झाले १,६५,००० लिटर. गावाच्या बोरला २ एलपीएस पाणी असेल तर तासाला ७,२००, म्हणजे टाकी भरायला जवळपास २३ तास मोटर चालली पाहिजे. ग्रामसभेत हे एकदा फळ्यावर मांडून बघा, टाकी मोठी बांधा म्हणणारे गप्प होतात, कारण टाकी मोठी केली म्हणून बोरचं पाणी वाढत नाही. शहरांच्या योजनेत एमएलडी ऐकाल, ते म्हणजे दिवसाला १० लाख लिटर, १ एमएलडी = ११.५७ एलपीएस.

पाटाचं पाणी, म्हणजे क्युसेक

आमच्या मामांचं शेत भडगाव तालुक्यात, जामदा कालव्याच्या चारीवर, म्हणजे कालव्यातून काढलेल्या छोट्या पाटावर. तिथे लिटर कोणी बोलत नाही, तिथे क्युसेक. क्युसेक म्हणजे सेकंदाला १ घनफूट. १ घनफूट म्हणजे २८.३ लिटर. तेवढा एकच आकडा पाठ करा, २८.३, बाकी सगळं त्यातून निघतं. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, मिनिटाला १,७०० आणि तासाला जवळजवळ १ लाख २ हजार लिटर. माझ्यासारखे वीस बोर एकत्र केले तेव्हा कुठे एक क्युसेक होतो. दहा हजार लिटरचा टँकर एक क्युसेकने सहा मिनिटांत भरतो.

आणि ही गंमत बघा, एका एकरावर १ इंच पाणी उभं करायला १ लाख २ हजार ८०० लिटर लागतात. म्हणजे १ क्युसेक तासभर = १ एकरावर १ इंच. अगदी जुळवून आणल्यासारखं. गहू दोन एकर, तीन इंचाची पाळी द्यायची, म्हणजे सहा, एक क्युसेक पाणी असेल तर सहा तास. पाटात मुरणारं, फुटणारं धरून आठ सांगा. (मेट्रिकवाल्यांसाठी: १ मिलिमीटर पाऊस एकरावर पडला तर ४,०४७ लिटर, हेक्टरवर १०,००० लिटर.)

चारीला किती क्युसेक आहे हे कसं मोजायचं? चारी जिथे सरळ आहे तिथे ३० फूट अंतर आखा, दोन्ही टोकांना काड्या रोवा. चारीची रुंदी आणि पाण्याची खोली फुटात मोजा, दोन-तीन ठिकाणी. पाण्याची बाटली अर्धी भरून बूच लावून वरच्या काडीच्या जरा आधी सोडा, खालच्या काडीपर्यंत किती सेकंद लागले बघा. मामांच्या चारीला रुंदी २ फूट, पाणी ९ इंच म्हणजे पाऊण फूट, बाटलीला २० सेकंद. ३० भागिले २० म्हणजे दीड फूट सेकंदाला. पण वरचं पाणी जोरात पळतं आणि तळाचं, काठाचं रेंगाळतं, म्हणून ०.८५ ने गुणायचं, १.२७५. आता २ गुणिले ०.७५ गुणिले १.२७५, आलं १.९ क्युसेक. ९ इंचाचा पाऊण फूट करायला विसरलात तर उत्तर बारा पट येईल, मामांचं पहिल्यांदा २३ क्युसेक आलं होतं, चारीत कालवाच सुटला जणू. सगळं मीटरमध्ये मोजलं तर उत्तर घनमीटर सेकंदात येतं, १,००० ने गुणा की लिटर.

पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत मात्र ही कटकटच नव्हती. बंधाऱ्यातून पाट काढलेला, जमिनीचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि पाणी द्यायचं काम पाटकऱ्याचं. पाणी कमी असलं तर कमी फड भिजवायचे. लिटर, क्युसेक काही नाही, माप जमिनीचं. मला ती पद्धत आजच्या मीटरपेक्षा शहाणी वाटते, पण ती चालायला गाव एका विचाराचं लागतं.

धरणाच्या बातम्या आणि टीएमसी

पावसाळ्यात व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतात, हतनूरचे इतके दरवाजे उघडले, तापीत इतका विसर्ग. हतनूरला दरवाजे ४१ आहेत आणि आकडा कधी क्युसेकमध्ये येतो, कधी क्युमेकमध्ये. क्युमेक म्हणजे सेकंदाला १ घनमीटर, हजार लिटर. १ क्युमेक = ३५.३ क्युसेक. हजार क्युमेकचा मेसेज कोणीतरी हजार क्युसेक करून पुढे ढकलला तर खरं पाणी ३५ हजार क्युसेक आहे आणि नदीकाठचा माणूस निवांत म्हशी धुतोय, ही चूक बोरच्या चुकीसारखी पैशात भागणारी नाही. शब्द नीट वाचा, "से" आहे की "मे".

दुसरा गोंधळ टीएमसीचा. टीएमसी वेग नाही, साठा आहे. क्युसेक म्हणजे गाडी किती स्पीडने चाललीय आणि टीएमसी म्हणजे किती किलोमीटर झाले. टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, लिटरमध्ये २,८३२ कोटी. सरकारी कागदात दलघमी असतं, दशलक्ष घनमीटर, १ दलघमी = १०० कोटी लिटर, आणि १ टीएमसी = २८.३ दलघमी. परत तोच २८.३ आला बघा. (दलघफू पण असतं, दशलक्ष घनफूट, हजार दलघफू म्हणजे १ टीएमसी, दलघमी आणि दलघफूमध्ये ३५ पटीचा फरक, शेवटचं अक्षर बघायचं.)

साठा आणि वेग जोडायचा असेल तर मध्ये वेळ पाहिजे. दिवसाचे सेकंद ८६,४००. ११,५७४ क्युसेक पूर्ण एक दिवस वाहिले की १ टीएमसी. तापीला ५० हजार क्युसेक चालू असेल तर साडेपाच तासांत एक टीएमसी खाली गेलं. गिरणा धरणाचा उपयुक्त साठा साधारण साडेअठरा टीएमसी, समजा त्यातून दीड हजार क्युसेकने सारखं पाणी सोडलं, तर बाष्पीभवन वगैरे सोडून तो साठा १४३ दिवस पुरेल. रीत: टीएमसी गुणिले ११,५७४ भागिले क्युसेक, उत्तर दिवसात.

पेटीच्या आत चिकटवायचा कागद

माझ्या स्टार्टरच्या पेटीच्या झाकणाला आतून हा कागद चिकटवलाय, तुम्ही पण लिहून घ्या:

१ एलपीएस = ६० एलपीएम = ३,६०० लिटर तास = ३.६ घनमीटर तास
१ क्युसेक = २८.३ एलपीएस = १,०२,००० लिटर तास
१ क्युमेक = ३५.३ क्युसेक = १,००० एलपीएस
१ एमएलडी = ११.५७ एलपीएस
१ टीएमसी = २८.३ दलघमी = ११,५७४ क्युसेक एक दिवस
२० लिटर बादली: ७२,००० ÷ सेकंद
इंच? कुठला इंच ते आधी विचार.

शेवटची ओळ आबांनी लाल पेनाने लिहायला लावली.

त्याच कागदाखाली मी दर महिन्याला बादलीचे सेकंद तारखेसकट टाकतो, कारण बोर काही वर्षभर एक बोलत नाही. यंदा जानेवारीत १३ सेकंद होते, तासाला ५,५३८. मार्चमध्ये १५, म्हणजे ४,८००. मे महिन्यात १९ आले, ३,७८९, आणि एका व्हॉल्वला लागत होते ४,६४८, मग तीनाचे चार व्हॉल्व केले, एकेकावर ४३५-४३६ झाडं, ३,४८८ लिटर, दोन-दोन तासाच्या चार पाळ्या, बरोबर आठ तास. फिल्टर आता लाईट गेल्यावर धुतो.